जात्याला दोन हात लागतात

प्रश्न : मी माजलगाव तालुक्यात मराठी शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. मुलांकडे मोबाइल आहेत, हौसही आहे. ओव्या, म्हणी, ऊसतोडीच्या फडातले शब्द, घराघरांतल्या जुन्या पोथ्या हे सगळं मिळून एक डिजिटल संग्रह करावा असं मनात आहे. पण संगणकातलं आम्हाला फार कळत नाही, हाताशी पैसा नाही, आणि आपल्या भागात पूर्वी असं काही झालं असेल तर तेही ठाऊक नाही. अनेकांनी मिळून करायचं असलं काम सुरू कुठून करतात? आधी वेबसाइट बनवून घ्यावी का? — एक प्राध्यापिका, जि. बीड

उत्तर : ताई, वेबसाइट सगळ्यात शेवटी. आणि पूर्वी असं काही झालं आहे का, याचं उत्तर शोधायला तुम्हाला तालुक्याबाहेर जायची गरज नाही.

माजलगावातल्या भीमनगरात 1996 साली काही बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार ही त्यांतल्या गायिकांची नावं. जात्यावर माहेर, भाऊ, लेक, पंढरी हे विषय येतातच. या बायकांनी बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांनाही ओवीत आणलं होतं. म्हणजे दळताना म्हणायची जुनी चाल तीच आणि आशय त्यांच्या स्वतःच्या काळाचा. मुद्रण करणारी मंडळी पुण्याच्या एका अभ्यासगटाची होती. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवँ यांनी पुण्यात सामाजिक शास्त्रांतल्या सहकारी संशोधनासाठी केंद्र काढलं होतं. मुळशीच्या डोंगराळ भागातल्या गरीब कुटुंबांबरोबर काम करताना बायका बैठकीत बोलत नाहीत पण जात्यावर सगळं बोलून जातात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ओव्या टिपायला सुरुवात झाली. त्या टिपणाऱ्यांत बाहेरून आलेले अभ्यासक थोडे होते. गावच्याच बाया आणि कार्यकर्ते मोठ्या संख्येने होते.

बघता बघता हजारावर गावं, तीन हजारांहून अधिक गायिका आणि एक लाखाहून जास्त ओव्या असा पसारा झाला. पुढे बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक येऊन मिळाले. त्यांनी सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि कागदावरच्या ओव्या संगणकातल्या नोंदकोशात बसवायची रचना उभी केली. प्रत्येक ओवीला क्रमांक, विषयानुसार जागा, गायिकेचं नाव, गाव, तालुका. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा सगळा ठेवा 2017 च्या मार्चपासून वाचकांसमोर आणायला घेतला. त्यांची माणसं माजलगावला गेली आणि त्यांतल्या काही गायिकांना भेटली.

तेव्हा तुम्ही पहिल्या नाहीत. हे ऐकून खट्टू होऊ नका. कोऱ्या पाटीपेक्षा पुढे कुणी चालून गेलेली वाट बरी. त्या वाटेवरून जे दिसतं ते सांगतो.

सावड, मजुरी नव्हे. आपल्याकडे शेतात माणूसबळ कमी पडलं की सावड करतात. आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. हिशोब असतो, पण तो पैशांचा नसतो. असल्या प्रकल्पाचं मर्म याच शब्दात आहे. मुलांनी आजीकडून ओव्या ‘गोळा’ करून आणल्या, सरांनी छापल्या, आजीला पत्ताच नाही, तर ती सावड झाली नाही. आजीला काय मिळालं? निदान तिचा आवाज तिला ऐकायला मिळावा, लिहिलेलं वाचून दाखवलं जावं, तिचं नाव तिच्या ओवीला लागावं आणि चुकलेलं दुरुस्त करायचा हक्क तिला असावा.

जात्याकडेच पाहा ना. दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचा हात. एक वैरण घालते. एकीने ओळ उचलली की दुसरी ती पुढे नेते. अशा ओवीची कर्ती कोण, हे ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरज कुणाला पडली नव्हती. तुमचं कामही असंच दोन्ही बाजूंनी ओढलं गेलं तर फिरेल.

म्हणून पहिल्या बैठकीत संगणकाचा विषय काढू नका. एका कागदावर कामं लिहा आणि प्रत्येकापुढे माणसाचं नाव घाला. गायिकेकडे कोण जाणार? (शक्यतो तिची नात किंवा शेजारीण, अनोळखी पोरांसमोर सासूची ओवी निघत नाही.) ऐकून लिहून कोण काढणार? अडलेल्या शब्दाचा अर्थ कुणाला विचारायचा? टंकणार कोण, मुळाशी ताडून पाहणार कोण? आणि सगळ्या फाइली सांभाळायची जबाबदारी कुणाची? जिथे नाव सुचत नाही, तिथे तुमचा प्रकल्प उद्या अडणार आहे, हे आजच समजून घ्या.

पसारा लहान. तुमच्या पत्रात ओव्या आहेत, म्हणी आहेत, फडातले शब्द आहेत, पोथ्या आहेत. हे चार प्रकल्प झाले. एक घ्या. एक गाव, दहा गायिका, एक सत्र. ओवी कुठेच म्हटली जात नाही असं आढळलं तर तीही नोंदच आहे. एक छोटं काम पुरं झालं की लोकांचा विश्वास बसतो आणि पुढच्या गावात दार आपोआप उघडतं.

पंचांग बीडचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातल्या लाखो माणसांची कोयता घेऊन ऊसतोडीला निघण्याची लगबग असते. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिकडे कारखाना तिकडे बिऱ्हाड. परत येईतो उन्हाळा लागलेला असतो. तुमच्या वर्गाचं सत्र आणि गावाचं वर्ष यांचा मेळ बसत नाही. प्रकल्पाचं वेळापत्रक कॉलेजच्या सोयीने आखलंत तर ज्या घरांत ओव्या आहेत त्यांनाच नेमकं कुलूप असेल. मुद्रणाचे दिवस उन्हाळ्यात ठेवा आणि लिहून काढणं, टंकणं हे हिवाळ्यात.

समोर जातं हवं. आजीला खुर्चीत बसवून “म्हणा आजी ओवी” म्हटलं, तर ती म्हणेल, “आता कुठं आठवतंय बाई.” ओवी हाताच्या फेऱ्यात राहते. पिठाची चक्की गावात आली तशी जाती कोपऱ्यात गेली, पण लग्नात हळद दळायला अजून बाहेर निघतात. जातं मांडा, मूठभर ज्वारी घाला, समोर तिची जोडीदारीण बसवा. मग नुसतं ऐका.

मोबाइल विमान-मोडवर टाका, नाहीतर ऐन ओवीत कुणाचा तरी फोन येईल. पंखा बंद, फोन हातभर अंतरावर, जात्याची घरघर कमी आणि आवाज जास्त येईल अशा बाजूला. शक्य असेल तर वेव्ह प्रकारच्या फाइलीत मुद्रण करा. एमपी-थ्री आकाराने लहान होते, पण आवाजातला काही भाग टाकून देऊन, आणि तो परत मिळवता येत नाही. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि गायिकेने सांगितलं तसं तिचं नाव बोला. माझ्या कपाटात दोन जुन्या कॅसेटी आहेत. आवाज स्वच्छ आहे, ओव्या सुरेख आहेत. कुणाच्या आणि कुठल्या, हे मला आता सांगता येत नाही. तेव्हा वाटलं होतं, लक्षात राहील.

वही मोबाइलपेक्षा मोठी. प्रत्येक मुद्रणासाठी एक ओळ : क्रमांक, तारीख, गाव, वाडी किंवा वस्ती, गायिकेचं नाव, साधारण वय, माहेरचं गाव, ओवी कुणाकडून शिकली, मुद्रण कुणी केलं, लिहून कुणी काढलं, आणि परवानगी काय दिली. यात माहेरचं गाव विसरू नका. बाई माजलगावात नांदत असेल, पण ओवी परभणीची किंवा जालन्याची असू शकते. बायकांच्या गाण्याचा नकाशा लग्नांनी काढलेला असतो. हीच वही पुढे संगणकातल्या तक्त्यात चढवली की तुमचा ‘डेटाबेस’ झाला. दहा गायिकांसाठी याहून मोठं काही लागत नाही. फाइलीच्या नावात तोच क्रमांक घाला. ‘नवीन मुद्रण 14’ हे नाव म्हणजे नाव नसणंच.

‘माह्या’ म्हटलं असेल तर ‘माह्या’च लिहा. मराठीच्या शिक्षकांना हे सगळ्यात जड जातं. मुलं ‘व्हतं’चं ‘होतं’ करून आणतील आणि तुमचाही लाल पेन नकळत उचलला जाईल. पण ओवीची चाल त्या उच्चारावर तोललेली असते. ‘माह्या’चं ‘माझ्या’ केलं तर वजन बिघडतं, आणि बोलीचा पुरावा जातो तो वेगळाच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जिल्ह्याजिल्ह्यांत सर्वेक्षण केलं, त्यातही लोक बोलतात तसं मुद्रित करून टिपण्यावरच भर होता. प्रमाण मराठीत अर्थ हवा तर शेजारच्या रकान्यात द्या.

टंकताना युनिकोड वापरा. गावातल्या छपाईच्या दुकानात अजून जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. तो मजकूर त्या दुकानाच्या संगणकावर मराठी दिसतो आणि दुसरीकडे उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. शोधायला गेलात तर एक शब्द सापडत नाही. वीस वर्षं टंकलेलं असं वाया गेलेलं पाहिलं आहे.

सगळे सारखं काम करणार नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 2010 साली जेरेमी बेंथम या विचारवंताची हस्तलिखितं लोकांकरवी लिहून काढायला घेतली. नाव नोंदवणारे खूप होते. प्रत्यक्षात बहुतेक पानं मूठभर चिकट माणसांनी उतरवली. समजा तुमच्याकडे साठ मुलं आहेत, तर त्यांतली पाच टिकतील. त्यात तुमचं काही चुकलेलं नसेल. त्या पाचांना सांभाळा, त्यांची नावं ठळक लिहा, आणि उरलेल्या पंचावन्नांनी एकेक आजी गाठून दिली तरी त्यांचं देणं फिटलं.

याच विषयावर इतर वाचकांचेही प्रश्न आले आहेत. थोडक्यात उत्तरं देतो.

प्रश्न : आमच्या घरी मोडीतले कागद आणि एक हस्तलिखित पोथी आहे. फोटो काढून ठेवावेत की ती कुणाला देऊन टाकावी? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधी फोटो, मग बाकीचा विचार. याचं कारण बीडचंच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिच्यावरून त्यांनी 1909 साली ज्ञानेश्वरी छापली आणि मराठीच्या अभ्यासात मोठी खळबळ झाली. ती मूळ पोथी मात्र आज अभ्यासकांच्या हाती नाही. राजवाड्यांनी वाचलं ते बरोबर होतं का, हे ताडून पाहायला काहीच उरलं नाही. गावोगाव पायपीट करून कागद जमवणारा एवढा मोठा माणूस, पण पोथी एक आणि ती एका माणसाकडे. त्या काळी दुसरी प्रत करणं म्हणजे महिनोन्‌महिने हाताने लिहिणं. आपल्याला एक दुपार लागते, त्यामुळे आपल्याला सबब नाही.

पोथी स्कॅनरवर दाबू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका. ओसरीत सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन पानाला समांतर धरून एकेक पान टिपा. कडेला मोजपट्टी आणि पान क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. कोरं पानसुद्धा सोडू नका. मोठी वस्तू असेल तर एकमेकांवर थोडे चढतील असे तुकडे घ्या. तुमच्याच गावच्या दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी सुमारे 40 फूट लांब आहे; ती एका फोटोत मावायची नाही.

वाचायचं कुणी? मोडीसाठी राज्याचं पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेत आलं आहे. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारा माणूस किती दुर्मीळ आहे, हे मराठवाड्याला एकदम कळलं. आणि आपल्याकडे नुसती मोडी जाणूनही भागत नाही. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे दप्तरात उर्दू आणि फारसीही भेटते. म्हणजे मोडी येणारे आजोबा, उर्दू येणारे मौलवीसाहेब आणि संगणक येणारी नात एका टेबलाशी बसली तर एक कागद पुरता वाचून होतो. पुन्हा सावडच.

प्रश्न : आजीची ओवी इंटरनेटवर टाकली तर हक्क कुणाचा? परवानगी लागते का? — एक विद्यार्थी, गेवराई

उत्तर : पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ओवीवर कुणा एकाचा मालकी हक्क दाखवता येत नाही. पण आजीच्या गाण्यावर आजीचा हक्क आहे. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने कलावंताचा स्वतंत्र हक्क आला. आज त्याची मुदत 50 वर्षं आहे. एखादं गीत आजीने स्वतः रचलं असेल तर ती कवयित्री ठरते, आणि कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.

कायद्यापलीकडचं मोठं. परवानगी एकदाच विचारू नका, तीनदा विचारा : मुद्रण करू का? सगळ्यांना ऐकवू का? नाव लावू का? तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. ओवीत नवऱ्याचा मार असतो, जावेचा हेवा असतो, जातीचा अपमान असतो. गाताना ते मोकळं झालं म्हणून उद्या भावकीच्या मोबाइलवर ते वाजावं अशी तिची इच्छा असेलच असं नाही. उत्तर तिच्याच शब्दांत मुद्रित करून ठेवा. सही-अंगठ्यापेक्षा ते स्पष्ट असतं. आणि “पुढे कधी नको वाटलं तर सांगा, आम्ही काढून टाकू” हे बोलाल तर पाळा.

एक बारीक गोष्ट. विकिमीडियाच्या कॉमन्सवर फाइल ठेवली तर ती कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. तिथली अटच तशी आहे. हे आजीला आधी समजावून सांगा. पटलं तर अवश्य ठेवा. मराठी विकिपीडिया 2003 पासून हौशी माणसांच्याच बळावर उभा आहे, आणि तिथे तुमच्या गावाचं पान बहुधा दोन-चार ओळींचंच असेल.

प्रश्न : अशी कामं सुरू होतात आणि बंद पडतात. आमचं पडू नये म्हणून काय करावं? — एक ग्रंथपाल, परळी

उत्तर : प्रती तीन ठेवा : दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. एक कॉलेजच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. दर वर्षी ठरावीक दिवशी, समजा गुढीपाडव्याला, तिन्ही उघडून बघा. न उघडलेली प्रत आहे असं समजू नये. महागड्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू नका. साधा तक्ता आणि साधा मजकूर वीस वर्षांनीही उघडेल. वेबसाइटचं भाडं एक वर्ष भरायचं राहिलं की ती जाते, म्हणून तिला फक्त दुकानाची पाटी समजा. माल गोदामात पाहिजे.

पण कामं बंद पडतात ती बहुधा यंत्रामुळे नाहीत. ज्या माणसाला सगळं ठाऊक असतं त्याची बदली होते, तो निवृत्त होतो, किंवा जातो. गी पॉइतवँ 2004 मध्ये गेले, हेमा राईरकर 2010 मध्ये. त्यांच्या ओव्या ‘पारी’वर येऊ लागल्या 2017 मध्ये. मधली वर्षं तो ठेवा तरला, कारण प्रत्येक ओवीवर क्रमांक होता, गाव होतं, नाव होतं, आणि काम उचलून धरणारे जुने सोबती होते. नव्या माणसाला कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागलं नाही. भीमनगरातल्या गायिका नोंदीवरून पुन्हा सापडल्या.

तुमच्या ग्रंथालयातल्या कुठल्याही पुस्तकाचा दाखल क्रमांक तुमच्या आधीच्या ग्रंथपालाने घातलेला असतो आणि तो तुम्हाला कळतो. हे कामही तेवढंच कळतं ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर प्रकल्प कुणी सुरू केला ते लिहा, आणि त्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडा.